ड्वॉर्किन कोर्टात कामाला येतो का? हक्क, समानता आणि कायद्याचा अर्थ लावणं, एका वकिलाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एलएलबीला ज्युरिस्प्रुडन्सच्या (म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या) पेपरात रोनाल्ड ड्वॉर्किन हा अमेरिकन विचारवंत आहे, नोट्समध्ये तीन गोष्टी दिल्यात: अवघडातल्या अवघड केसलाही एक बरोबर उत्तर असतं, हक्क म्हणजे हुकमाचं पान, आणि सरकारने प्रत्येकाशी समान आस्थेने वागायचं. आता या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय, समानता म्हणणारा माणूस अमेरिकेत राखीव प्रवेशाच्या बाजूने कसा उभा राहतो, आणि हे फक्त पेपर सुटेपर्यंत लक्षात ठेवायचं की कोर्टात उभं राहिल्यावर पण उपयोगी पडतं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. उपयोगी पडतं, भरपूर पडतं. मी सिव्हिल आणि रिट (सरकारविरुद्ध हक्कासाठी केलेल्या याचिका) दोन्ही बाजूला अनेक वर्षं काम केलंय आणि संध्याकाळी लॉ कॉलेजला हाच विषय शिकवतो, त्यामुळे दोन्हीकडून बघून सांगतोय. आपण रोज कोर्टात जे करतो त्याचं सगळ्यात खरं वर्णन मला ड्वॉर्किनमध्येच सापडलं. विचार करा, कायद्यात थेट तरतूद नसली तरी आपल्यापैकी कोणी उभं राहून म्हणतो का, की मिलॉर्ड, या मुद्द्यावर कायदा काहीच बोलत नाही, तेव्हा तुम्हीच आता नवीन कायदा करा आणि माझ्या पक्षकाराच्या बाजूने करा? कोणीच नाही म्हणत. आपण म्हणतो की कायदा आधीपासून असाच आहे, हे बघा जुने निकाल, ही बघा त्यामागची तत्त्वं, म्हणून माझ्या पक्षकाराचा हा हक्क आहे. आणि समोरचा वकील नेमका उलटा निष्कर्ष काढतो, पण तोही कायदा काय आहे यावरच बोलतो. ड्वॉर्किनचा सगळा सिद्धांत या एका निरीक्षणावर उभा आहे.

माणूस कोण ते पटकन. जन्म 1931, हार्वर्ड आणि ऑक्सफर्डला शिक्षण, जज लर्नेड हँड यांच्याकडे लॉ क्लार्क, म्हणजे कायद्याचा मदतनीस, मग न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये प्रॅक्टिस, मग येल. 1969 मध्ये ऑक्सफर्डला ज्युरिस्प्रुडन्सच्या ज्या खुर्चीवर इंग्लिश कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट होता त्याच खुर्चीवर हा आला, आणि गंमत म्हणजे त्याच्या दोनच वर्षं आधी 1967 मध्ये याने हार्टच्याच सिद्धांतावर सगळ्यात जोरदार टीका करणारा लेख छापला होता. पुढे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि लंडन. 2013 मध्ये गेला. बाकी चरित्र परीक्षेला लागत नाही.

आता ती एल्मर पामरची केस, रिग्ज विरुद्ध पामर, न्यूयॉर्क, 1889. नोट्समध्ये एका ओळीत असते पण नीट बघायला पाहिजे, कारण सगळं यातच आहे. आजोबांनी मृत्युपत्र केलं, दोन मुलींना थोडंथोडं आणि बाकी सगळं नातू एल्मरला. पुढे आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि एल्मरला भीती वाटायला लागली की आता म्हातारा मृत्युपत्र बदलणार, म्हणून त्याने विष घालून आजोबांना मारलं. वय 16. खुनाबद्दल शिक्षा झाली. प्रश्न उरला इस्टेटीचा. मुलींनी दावा लावला की याला काही मिळता कामा नये. आता त्यावेळचा न्यूयॉर्कचा मृत्युपत्राचा कायदा वाचला तर त्यात मृत्युपत्र कसं करायचं, कसं रद्द करायचं, सगळं लिहिलेलं, पण वारसाने खून केला तर काय यावर एक शब्द नाही. मृत्युपत्र रीतसर, सह्या बरोबर, रद्द केलेलं नाही. नुसती अक्षरं वाचली तर एल्मर जिंकतो.

जज ग्रे यांनी तसंच म्हटलं, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं बरं का. त्यांचं म्हणणं, खुनाची शिक्षा त्याला फौजदारी कायद्याने दिलीये, आता वरून मालमत्ता काढून घेणं म्हणजे कायद्यात नसलेली जादा शिक्षा, आणि मृत्युपत्र कसं बदलतं हे कायद्याने ठरवून दिलंय, कोर्टाने त्यात हात घालू नये. जज अर्ल बहुमताचे. ते म्हणाले, कुणालाही स्वतःच्या दुष्कृत्याचा फायदा घेता येत नाही हे तत्त्व सगळ्या कायद्याच्या मुळाशी आहे आणि मृत्युपत्राचा कायदापण त्याच कायद्याच्या व्यवस्थेत बसवून वाचायचा. एल्मर हरला.

आपल्याकडे याचा जुळा भाऊ आहे आणि तो मी वर्गात मुद्दाम सांगतो कारण पोरं फक्त अमेरिकन केस पाठ करतात. केंचवा विरुद्ध गिरिमल्लाप्पा, बॉम्बे हायकोर्टाकडून प्रिव्ही काउन्सिलला (ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) गेलेलं अपील, 1924. तेव्हा हिंदू वारसा कायदा आजच्यासारखा कलमांमध्ये बांधलेला नव्हता. प्रश्न तोच, खून करणाऱ्याला मयताचा वारसा मिळतो का. प्रिव्ही काउन्सिलने न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेक या आधारावर सांगितलं की नाही मिळत, आणि पुढे जाऊन असंही सांगितलं की वारसांच्या साखळीत खुनी माणूस जणू नाहीच असं धरायचं, म्हणजे त्याच्यामधून दुसऱ्या कोणी हक्क सांगायलाही जागा नाही. मग 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि कलम 25 मध्ये खुनी वारस अपात्र असं सरळ लिहिलं गेलं.

आता हार्टला विचारा की 1924 च्या आदल्या दिवशी या मुद्द्यावर कायदा काय होता. हार्टचं उत्तर साधारण असं असेल: कायदा म्हणजे नियम, कोणते नियम कायदा म्हणून चालतात ते ओळखायचा एक मूळ नियम त्या समाजातले अधिकारी पाळत असतात, आणि नियमांच्या शब्दांना मधे स्पष्ट अर्थ असतो पण कडेला धूसरपणा असतो. बागेत वाहनांना बंदी असेल तर मोटार नक्की बंद, पण खेळण्यातली मोटार? तिथे नियम संपतो आणि न्यायाधीश स्वतःचा विवेक वापरून निवड करतो, म्हणजे थोडासा कायदाच बनवतो. ड्वॉर्किन म्हणतो, थांबा, तसं असेल तर एल्मरच्या आत्यांचा दावा लागला तेव्हा त्यांचा हक्क नव्हताच, निकालाच्या दिवशी तो तयार झाला आणि एल्मरवर मागाहून लादला गेला. पण अर्ल तसं काही म्हणत नाहीत. आणि ग्रेसुद्धा म्हणत नाहीत. दोघंही कायदा काय आहे यावरच भांडतायत. नियम संपला तरी कायदा संपत नाही, कारण कायद्यात नियमांशिवाय तत्त्वंपण असतात.

नियम आणि तत्त्व यांतला फरक असा पकडा. नियम लागू झाला की निकाल लागला, लागू नाही तर तो बाजूला. मुदत 3 वर्षं आणि दावा नंतर दाखल, आणि सूट देणारं काही नाही, संपला विषय. तत्त्वाला वजन असतं. स्वतःच्या दुष्कृत्याचा फायदा घेता येत नाही हे तत्त्व आहे, पण दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे आणि मालकाच्या हक्काविरुद्ध 12 वर्षं कब्जा ठेवून बसलेल्या माणसाला प्रतिकूल कब्जाचा फायदा मिळतोच की. तिथे ते तत्त्व हरलं, पण म्हणून ते कायद्यातून पुसलं गेलं नाही, पुढच्या केसमध्ये ते परत उभं राहतं. पेपरात बरेच जण लिहितात की तत्त्व म्हणजे मोघम नियम. तसं नाहीये. तत्त्व एकदम नेमकं असू शकतं, फरक त्याच्या काम करण्याच्या पद्धतीत आहे.

दुसरा फरक तत्त्व आणि धोरण यांतला, आणि हक्कांचा विषय इथून सुरू होतो. धोरण म्हणजे सगळ्या समाजाचं काहीतरी भलं साधायचं, रस्ते मोकळे करायचे, उत्पादन वाढवायचं. तत्त्व म्हणजे अमुक माणसाला अमुक गोष्ट देणं लागतो. ड्वॉर्किनचं म्हणणं, धोरण ठरवणं विधिमंडळाचं काम, कोर्टाने निकाल तत्त्वावर द्यायचा. आम्ही ज्युनियरला याच गोष्टीवर बोलतो खरं तर, फक्त ड्वॉर्किनचं नाव न घेता. रिट पिटिशनमध्ये पानंच्या पानं लोकहित, शहराचा विकास, किती लोकांचं भलं होईल असं लिहून आणतात आणि माझ्या पक्षकाराचा नेमका कोणता हक्क मोडला ते एका वाक्यात, तेही शेवटच्या ग्राउंडमध्ये (याचिकेतल्या कारणांत). बेंच पहिला प्रश्न तोच विचारतं.

मग एकच बरोबर उत्तर, याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ड्वॉर्किन असं म्हणत नाही की उत्तर सगळ्यांना दिसतं, किंवा ते सिद्ध करून दाखवता येतं, किंवा सगळे जज एकमत होतील. तो म्हणतो की दोन उत्तरांपैकी एक कायद्याच्या पूर्ण चित्रात जास्त चांगलं बसतं, आणि ते शोधणं हे न्यायाधीशाचं कर्तव्य आहे. म्हणून त्याने हर्क्युलिस नावाचा काल्पनिक न्यायाधीश उभा केला, अफाट बुद्धी, अफाट वेळ, सगळे कायदे आणि सगळे निकाल एकत्र मांडून त्यांना आधार देणारा एक सुसंगत विचार तयार करू शकणारा. असा न्यायाधीश कुठे नसतो हे ड्वॉर्किनला पण माहिती होतं. मुद्दा हा की बोर्डावर 80 मॅटर असलेला खराखुरा न्यायाधीशसुद्धा, जितकं जमेल तितकं, त्याच दिशेने विचार करत असतो. आणि पक्षकाराच्या बाजूने बघा ना, अवघड केस आहे म्हणून तुझा हक्क नव्हताच, साहेबांनी दिला म्हणून मिळाला, असं त्याला सांगणं मला तरी कधी पटलं नाही. तो कोर्टात मेहेरबानी मागायला आलेला नसतो.

कायद्याचा अर्थ कसा लावायचा हे त्याने 1986 च्या पुस्तकात सविस्तर मांडलं, आणि तिथे ती साखळी कादंबरी येते. समजा एक कादंबरी अनेक लेखक मिळून लिहितायत, प्रत्येकाने एक प्रकरण. पाचव्या लेखकाला पहिली चार प्रकरणं बदलता येत नाहीत, पण त्यांची नुसती नक्कल करून पण भागत नाही, गोष्ट पुढे न्यायची आणि एकूण कादंबरी जितकी चांगली होईल तितकी करायची. त्यामुळे त्याच्यावर दोन कसोट्या. एक, आधीच्याशी जुळतं का. दोन, जुळणाऱ्या अर्थांपैकी कोणता अर्थ त्या गोष्टीला सगळ्यात चांगल्या उजेडात दाखवतो. न्यायाधीशाचं तसंच.

हे समजायला आपल्या संविधानाच्या कलम 21 (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) इतकं चांगलं उदाहरण जगात कुठे असेल असं मला वाटत नाही (हे उदाहरण ड्वॉर्किनचं नाही, माझं आहे). पहिलं प्रकरण गोपालन, 1950: कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती पाळली की झालं, ती पद्धत न्याय्य आहे का ते कोर्ट बघणार नाही. मग 1978 मध्ये मनेका गांधी: पद्धत असून भागत नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी पाहिजे. आणि मग 1985, ओल्गा टेलिस, आपल्या मुंबईतली केस.

ही केस प्रत्येकाने हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) न बघता पूर्ण वाचावी. 1981 चा पावसाळा, मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी परत पाठवायचं. याचिकाकर्त्यांमध्ये पत्रकार ओल्गा टेलिस होत्या, आणि फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणारे लोक होते. त्यातला एक सेलमचा भूमिहीन मजूर, 1961 मध्ये काम शोधत मुंबईला आलेला, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या फुटपाथवर झोपडीत राहायचा, त्याला बायकामुलांसकट बसमध्ये घालून सेलमला पाठवलं आणि तो कामासाठी परत मुंबईला आला. महापालिकेचं म्हणणं सरळ, 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याचं कलम 314, फुटपाथवरचं अतिक्रमण आयुक्त नोटीस न देता काढू शकतात, आणि फुटपाथवर घर बांधायचा हक्क कुणालाच नाही. वरून असा आक्षेप की हायकोर्टात या लोकांनीच कबूल केलंय की आम्ही फुटपाथवर राहायचा मूलभूत हक्क सांगत नाही, आता इथे कसा सांगता.

सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी दोन गोष्टी केल्या. आक्षेप फेटाळला, मूलभूत हक्क असा कबुलीजबाबात सोडून देता येत नाही, आधीच्या कबुलीने संविधानाविरुद्ध कुणाला बांधता येत नाही. आणि दुसरं, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असं म्हटलं. उपजीविका काढून घेतली की जगणं काढून घ्यायला वेगळं काही करावंच लागत नाही, असा तो युक्तिवाद. आता कलम 21 मध्ये उपजीविका हा शब्द कुठेय? नाहीये. पण निकाल हवेतून आलेला नाही. मनेकाचं प्रकरण मागे आहे, कलम 39 आणि 41 ची मार्गदर्शक तत्त्वं शेजारी आहेत, त्या सगळ्यांना धरून जगणं या शब्दाचा सगळ्यात चांगला अर्थ काय, हे विचारून तो आलाय. कलम 314 रद्दसुद्धा केलं नाही, फक्त असं वाचलं की नोटीस न देण्याची मुभा म्हणजे नोटीस देऊच नका असा हुकूम नव्हे, एरवी म्हणणं ऐकून घ्यायलाच पाहिजे. पाचव्या लेखकाचं काम म्हणजे नेमकं हे.

आणि प्रामाणिकपणे शेवट पण सांगितला पाहिजे. फुटपाथवरून हटवायला कोर्टाने परवानगी दिलीच, फक्त पावसाळा संपेपर्यंत, 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, थांबायला सांगितलं. 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्या फुटपाथवासीयांना पर्यायी जागा द्यायची असं म्हटलं, पण ती हटवण्याची अट म्हणून नाही. मला विचाराल तर तत्त्व इतकं मोठं मांडून हातात इतकं कमी देणं हे साखळीशी जुळत नाही. ड्वॉर्किनची कसोटी ही अशी निकालावर टीका करायलापण वापरता येते, नुसतं निकालांचं कौतुक करायला नाही.

याच संदर्भात ड्वॉर्किन म्हणतो की कायद्यात सुसंगत निष्ठा (इंटेग्रिटी) पाहिजे, राज्याने एकाच आवाजात बोलायला पाहिजे. त्याचं उदाहरण: गर्भपातावर समाजात दोन तट आहेत म्हणून तडजोड अशी केली की सम वर्षात जन्मलेल्या बायकांना गुन्हा आणि विषम वर्षात जन्मलेल्यांना परवानगी. दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं मिळालं, तरी आपल्याला हे लगेच खटकतं. का? कारण मतं वाटून घेता येतात पण तत्त्व असं वाटून देता येत नाही, एकाला एक आणि तशाच दुसऱ्याला दुसरं. समानता कायद्याच्या अर्थात कुठून शिरते ते इथे दिसतं.

घटनाकारांच्या मनात काय होतं तेवढंच बघा म्हणणाऱ्यांनाही त्याने असंच उत्तर दिलं. बाप मुलांना सांगतो, कुणाशी अन्यायाने वागू नका. सांगताना त्याच्या डोक्यात चार उदाहरणं असतील. मुलगा मोठा होऊन एखादी पाचवी गोष्ट अन्यायाची आहे असं पटवून देतो, कदाचित बाप स्वतः करत होता तीच. बापाची आज्ञा मुलाने मोडली की पाळली? पाळली, कारण आज्ञा अन्याय टाळायची होती, बापाची यादी पाठ करायची नव्हती. कलम 14 मधली समानता ही अशी आज्ञा आहे. अमेरिकेत 1987 मध्ये घटनाकारांच्या मूळ हेतूवर भर देणारे रॉबर्ट बोर्क यांचं सुप्रीम कोर्टासाठी नाव आलं तेव्हा ड्वॉर्किनने जाहीरपणे विरोधात लिहिलं, त्याचं मुख्य कारण हा वाद होता.

आता हुकमाचं पान. 1977 च्या 'टेकिंग राइट्स सीरियसली' या पुस्तकामुळे हे प्रसिद्ध झालं. अर्थ असा: एखाद्या गोष्टीत बहुसंख्यांचं भलं होतंय, बेरीज केली तर फायदा जास्त, हे सरकारला एरवी पुरेसं कारण असतं. पण समोर हक्क असेल तर तेवढं कारण पुरत नाही. फक्त फायद्याच्या बेरजेने जो मोडता येतो त्याला हक्क म्हणण्यात अर्थच नाही. याचा अर्थ हक्क कधीच मर्यादित होत नाही असा नाही, दुसऱ्याचा तितकाच महत्त्वाचा हक्क वाचवायला किंवा खरंच मोठा अनर्थ टाळायला मर्यादा येऊ शकते, पण लोकांना आवडत नाही, गैरसोय होते, एवढ्यावर नाही. आणि बेरजेत दुसऱ्याबद्दलचा तिरस्कार मोजायचाच नाही, कारण तो मोजला की काही माणसं आधीच कमी किमतीची ठरली.

समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या दंड संहितेच्या कलम 377 चा प्रवास घ्या. 2013 च्या कौशल निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की समलैंगिक लोक देशाच्या लोकसंख्येत अगदी अल्प आहेत, आणि हा मुद्दा हक्काच्या विरोधात वापरला. ड्वॉर्किन वाचलेला माणूस इथेच थबकतो, कारण संख्या कमी असणं हेच तर हक्काची गरज असण्याचं कारण आहे. 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात 9 न्यायाधीशांनी प्रायव्हसीचा हक्क एकमताने मान्य केला तेव्हा कौशलमधला हा युक्तिवाद चुकीचा म्हणून सांगितला, आणि 2018 मध्ये नवतेज जोहर खटल्यात कौशल निकाल रद्दच झाला. पुट्टस्वामीत न्या. धनंजय चंद्रचूड यांनी ड्वॉर्किनचं नाव घेऊन लिहिलंय, की कायद्याने स्पष्टपणे दिलेल्या हक्कांच्याही आधी माणसाला राज्याविरुद्ध हक्क असतात. उत्तरपत्रिकेत ही नोंद जरूर करा, भारतीय सुप्रीम कोर्टाने ड्वॉर्किन प्रत्यक्ष वापरल्याचं हे पक्कं उदाहरण आहे.

आणि ते वाक्य तिथे शोभेला नाहीये. त्याच निकालाने एडीएम जबलपूर हा जुना निकाल मोडीत काढला. आणीबाणीत, 28 एप्रिल 1976 ला, 4 विरुद्ध 1 असं ठरलं होतं की कलम 21 ची अंमलबजावणी थांबवलीये तेव्हा बेकायदा अटकेविरुद्ध हेबियस कॉर्पस (अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे आणा असा आदेश) सुद्धा नाही. न्या. एच. आर. खन्ना एकटे वेगळे, त्यांचं म्हणणं, जगण्याच्या हक्काचं कलम 21 हे एकमेव घर नाही, ते कलम नसतं तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव घ्यायची ताकद राज्याला आली नसती. बहुमतात यशवंत चंद्रचूड होते, पुण्याच्या आयएलएसचे विद्यार्थी, ज्यांनी पुढे 9 वर्षांनी ओल्गा टेलिस लिहिला. आणि 2017 ला जबलपूर चूक होता असं लिहिणारे त्यांचे चिरंजीव. हक्क कलमातून येतात की कलम फक्त त्यांची नोंद करतं, हा प्रश्न किती खरा आहे हे त्या आणीबाणीत तुरुंगात बसलेल्या माणसांना जाऊन विचारावं, मग ज्युरिस्प्रुडन्स कोरडा विषय आहे असं कोणी म्हणणार नाही.

राहिली समानता आणि राखीव प्रवेश. ड्वॉर्किन दोन गोष्टी वेगळ्या करतो. एक, समान वागणूक मिळण्याचा हक्क, म्हणजे प्रत्येकाला सारखाच वाटा, जसं एक माणूस एक मत. दोन, समान म्हणून वागवलं जाण्याचा हक्क, म्हणजे निर्णय घेताना माझ्या हिताला दुसऱ्याच्या इतकंच वजन. मुळातला हक्क दुसरा आहे. त्याचं उदाहरण: दोन मुलं आजारी, एकच आजार, एक मरायला टेकलाय आणि दुसऱ्याला नुसता त्रास होतोय, औषधाचा एकच डोस. नाणं उडवून ठरवलं तर वागणूक सारखी झाली, पण दोघांची समान आस्था बाळगली असं कोणी म्हणेल का?

मग तो दोन खटले शेजारी ठेवतो. स्वेट, कृष्णवर्णीय, टेक्सास युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलने फक्त वर्णामुळे नाकारला, 1950 मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला. डीफुनिस, गोरा, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलने नाकारला, आणि त्याचं म्हणणं की कमी गुणांच्या अल्पसंख्याकांना घेतलं. 1974 मध्ये सुप्रीम कोर्टाने मुद्द्यावर निकालच दिला नाही कारण तोवर त्याचं शिक्षण संपत आलं होतं. लोक म्हणाले, दोन्हीकडे वर्ण बघितला, तेव्हा दोन्ही सारखेच. ड्वॉर्किन म्हणतो नाही. स्वेटला नाकारण्यामागे तो कमी दर्जाचा आहे हा समज होता, त्याच्या हिताला वजनच दिलं नाही. डीफुनिसला कोणी हलका मानला नाही, त्याचं नुकसान मोजलं आणि विषमता कमी करण्याचं पारडं जड ठरलं. आणि गुणवत्ता म्हणजे आकाशातून पडलेला हक्क नाही, संस्थेचं काम काय आणि त्या कामाला काय लागतं त्यावर ती ठरते, असंही तो म्हणतो.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त स्पष्ट आहे कारण संविधानातच राखीव जागांना परवानगी देणारी 15(4) आणि 16(4) ही कलमं आहेत, आणि जातीची उतरंड समोर आहे. तरी वाद तोच झाला: 16(4) हा समानतेला अपवाद आहे की समानताच आहे? केरळ विरुद्ध एन. एम. थॉमस, एआयआर (छापील निकालांची मालिका) 1976, बहुमताने दुसरी बाजू घेतली, 16(4) हा 16(1) चाच, म्हणजे नोकरीतल्या समान संधीच्या कलमाचाच विस्तार. मी स्वतः याच बाजूचा आहे, कारण अपवाद म्हटलं की प्रत्येक राखीव जागा म्हणजे कुणाच्या तरी हक्काला दिलेली सूट असं वाटायला लागतं, आणि ते खरं नाही.

पैशाच्या आणि साधनांच्या समानतेवर ड्वॉर्किनने 1981 मध्ये दोन मोठे लेख लिहिले, ते थोडक्यात बघू. जहाज फुटून लोक निर्जन बेटावर येतात, सगळ्यांना सारखे शिंपले देतात आणि बेटावरच्या सगळ्या वस्तूंचा लिलाव करतात. शेवटी कुणालाही दुसऱ्याच्या वाट्याचा हेवा वाटत नसेल तर वाटप बरोबर. नंतर मेहनतीने आणि निवडीने फरक पडले तर चालतील, पण अपंगत्व किंवा जन्मजात क्षमता अशा नशिबाच्या फरकासाठी, लोकांनी आधी किती विमा काढला असता याचा अंदाज बांधून कर आणि भरपाई ठरवायची. कल्पना बुद्धिमान आहे पण मला ती अपुरी वाटते. एलिझाबेथ अँडरसन या तत्त्वज्ञ बाईंनी 1999 मध्ये टीका केली की समानतेचा मुद्दा नशिबाची भरपाई हा नसून माणसांनी एकमेकांवर वर्चस्व न गाजवता बरोबरीने राहणं हा आहे. जातीच्या समाजात राहणाऱ्याला ही टीका लगेच पटते. सगळ्यांना सारखे शिंपले वाटले आणि पाणवठा मात्र वेगळाच राहिला तर काय उपयोग?

टीकेचं अजून दोनच ओळीत. हार्टच्या मृत्यूनंतर 1994 मध्ये त्याचं उत्तर छापलं गेलं, त्यात तो म्हणतो की मूळ नियमात तत्त्वांनाही जागा असू शकते, म्हणजे तत्त्वं मान्य केली म्हणून माझा सिद्धांत पडत नाही. हे उत्तर वजनदार आहे, पेपरात टाळू नका. जेरेमी वॉल्ड्रन या कायदेतत्त्वज्ञाचा आक्षेप वेगळा, हक्कांबद्दल माणसांमध्ये प्रामाणिक मतभेद असताना शेवटचा शब्द निवडून न आलेल्या चार न्यायाधीशांचा का. याला माझं उत्तर एवढंच की न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात, आणि त्या कारणांवर पुढच्या केसमध्ये त्याला पकडता येतं. जबलपूर असाच पकडला गेला, 41 वर्षांनी का होईना.

अभ्यासाचं म्हणाल तर मोठ्या पुस्तकापासून सुरुवात करू नका, 1967 चा नियमांवरचा लेख आणि 1975 चा अवघड खटल्यांवरचा लेख आधी वाचा, दोन्ही 1977 च्या पुस्तकात आहेत. सोबत ओल्गा टेलिस आणि थॉमस मूळ निकाल. आणि पहिलं पिटिशन ड्राफ्ट कराल तेव्हा ग्राउंड्स लिहायच्या आधी एका कोऱ्या कागदावर तीन गोष्टी उतरवा: पक्षकाराला नेमकं काय देणं लागतं, ते आधीच्या कोणत्या निकालांशी जुळतं, आणि विरोधात जाणारा सगळ्यात भक्कम निकाल कोणता आणि तो धरूनही आपलंच म्हणणं का बसतं. तिसऱ्याचं उत्तर नाही सापडलं तर ड्राफ्टिंग थांबवून परत लायब्ररीत जा, कारण सुनावणीत बेंच तिथूनच सुरू करणार.